गणिताचा तास चौथीत

पिट्सबर्ग,
८ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "पोर हुशार आहे ना? मग शाळेत खेटे कसले घालतेस?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. आई, तूही वाच. कारण "दृष्ट लागेल, कुठे बोलू नकोस" असं तू म्हणालीस, ते मनात घर करून राहिलंय.

जानेवारीत इथे कडाक्याची थंडी पडली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आमचा थर्मामीटर आहे, एका बाजूला सेल्सियस, दुसऱ्या बाजूला फॅरनहाइट. मनू स्टुलावर चढून वहीत दोन रांगा लिहीत होती. १० ला ५०, ० ला ३२, उणे १० ला १४. "आई, हे दहा उतरलं की ते अठरा उतरतं." पट्टीवरचे आकडे संपले तरी तिची वही चालूच. उणे २० ला उणे ४, उणे ३० ला उणे २२, आणि मग एकदम ओरडली, "उणे ४० ला दोघं भेटले!" बाबा, ती सात वर्षांची आहे. उणे संख्या तिला कोणीही शिकवलेल्या नाहीत. आणि अर्ध्या तासाने हीच मुलगी बुटाची नाडी बांधता येईना म्हणून जमिनीवर लोळून रडली. दोन्ही खरं आहे. डोकं एका वयाचं आणि मन दुसऱ्या वयाचं, हे एकाच अंगात सांभाळताना तिची फार ओढाताण होते.

त्याच आठवड्यात शाळेतून तिचा कागद आला. दोन अंकी बेरजांची वीस उदाहरणं होती. चार सोडवलेली, बाकीच्या जागी खिडक्या काढलेल्या. शेरा होता, "लक्ष देत नाही." रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायची ते कशामुळे, हे तेव्हा मला कळलं. तिच्या बाईंना भेटले, तर त्या म्हणाल्या, "ती वर्गाच्या पुढे आहे, तुम्ही निश्चिंत राहा." बाई प्रेमळ आहेत, पण पंचवीस मुलांत मागे पडलेल्यांकडेच त्यांचा वेळ जातो. मी गप्प घरी आले. आपल्याच मुलीची बढाई मारून आल्यासारखं वाटत होतं.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं, "तोंडी बोलू नकोस, लेखी अर्ज दे." दिव्यांग मुलांच्या शिक्षणाला अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने जे संरक्षण आहे, ते मनूसारख्या अतिहुशार मुलांना नाही, ज्या त्या राज्याचा नियम. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या शिक्षण नियमांत मात्र सोळावा अध्याय खास यांच्यासाठी आहे. पालकांनी लेखी मागणी करायची आणि संमतीपत्रावर सही द्यायची. मग शाळेने साठ दिवसांत तपासणी करून अहवाल द्यायचा. मूल पात्र ठरलं तर त्याच्यासाठी वेगळी लेखी योजना करायची आणि ती दरवर्षी पुन्हा तपासायची. ती ठरवणाऱ्या बैठकीत पालकही बसतात.

बुद्ध्यांक १३० ही तिथली खूण आहे, पण तेवढ्यावरून कोणाला नाकारायचं नाही, असंही नियमात आहे. ते मला फार पटलं. १९२१ मध्ये टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात चाचण्या घेऊन अतिहुशार मुलं निवडली होती. त्या चाळणीतून शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं गळली, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून मनूचा आकडा मी इथे लिहीत नाही. तिलाही सांगितलेला नाही.

बैठकीला मी ती थर्मामीटरची वही घेऊन गेले. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पानं उलटली आणि वही टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली. मग मी तुमची गोष्ट सांगितली, बाबा. तिसरीतल्या त्या गवंड्याच्या मुलाला तुम्ही गणिताच्या तासाला सातवीत नेऊन बसवायचात. साहेबांनी हटकलं तेव्हा म्हणालात, "बाकी सगळं तो तिसरीतच शिकतो. एवढा एक तास त्याला पोटभर मिळू दे." तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ना चाचणी होती ना अध्याय. मी इथे नेमकं तेच मागितलं, आणि तेच मिळालं. आता मनू रोज सकाळी गणिताला चौथीत जाते आणि तास संपला की आपल्या दुसरीत, मैत्रिणींत परत येते.

दादाच्या चिनूचंही मनावर घ्या. वहिनी सांगत होती, फार प्रश्न विचारतो म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवलंय. पुण्यात अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये अशा मुलांसाठी प्रशाला काढली. पण वाईहून रोज पुण्याला कोण नेणार? तुम्ही स्वतः त्याच्या शाळेत जा. भांडायला नको. त्याच्या वह्या घेऊन जा. तुमचा शब्द तिथले शिक्षक ऐकतील.

चौथीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मनूला अपूर्णांक आले नाहीत. शाळेत काहीतरी न येण्याची तिची ही पहिलीच वेळ. घरी येऊन तासभर रडली, "मी हुशार नाहीच" म्हणाली. मी पाठीवरून हात फिरवत बसले, सोडवून काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखलं नाही. डबा भरायच्या आधी दारात उभी.

तर बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. तिला पावकी, निमकी, पाऊणकी शिकवायची, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे. मला शिकवलीत तशीच, म्हणत म्हणत. दर रविवारी फोनवर दहा मिनिटं पुरे. पुढच्या रविवारी ती पावकीच्या पहिल्या दहा ओळी म्हणून दाखवणार आहे. चुकली तर लगेच सांगू नका. तिची तिला सापडू द्या.

आई, गुडघ्याला तेल लावत जा. दादा-वहिनींना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुमची,
सुमा