ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

आईचा सीटी स्कॅन खरं तर मुतखड्यासाठी होता. त्यात अधिवृक्क ग्रंथीतली (मूत्रपिंडाच्या वरच्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीतली) गाठ हेरणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे मनापासून आभार. घनता १० हाउन्सफिल्ड युनिटच्या (सीटी स्कॅनवर घनता मोजायचं एकक) आत असती तर गाठ बहुधा साधीच. हिची बरीच जास्त, आकारही ४ सेंटिमीटरहून मोठा. सुई घालून तुकडा काढण्याआधी हार्मोन तपासा, असं त्यांनीच ठामपणे लिहिलं.

अशी गाठ कर्करोगाची असली आणि तिचं आवरण फुटलं तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडतात. म्हणून दुर्बिणीचा मोह टाळून, पोट उघडून गाठ अखंड काढणारे सर्जन, रक्तदाब सांभाळणारे भूलतज्ज्ञ आणि हायड्रोकॉर्टिसोनची (ग्रंथीच्या हार्मोनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाची) वेळ कधीही न चुकवणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे उपकार मोठे. रक्त देणाऱ्यांनो, तुम्हाला तर आम्ही पाहिलंही नाही.

आई सध्या मायटोटेनच्या, म्हणजे या कर्करोगावरच्या औषधाच्या, गोळ्यांना मनसोक्त शिव्या घालते.