भाई, एवढं आभाराचं ऐकून घ्या

भाई,

सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'पुरो गो, च्या घे' म्हणून विषय उडवून लावता. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला. चारचौघांत लिहितेय तेही मुद्दाम. पाकिटातून पाठवलं असतं तर तुम्ही ते पासबुकात घातलं असतं आणि पुढच्या वर्षी बँकेत उघडलं असतं.

वाचणाऱ्यांना तुमची ओळख करून द्यायला हवी. सत्तरी ओलांडलेले, मुंबईत सरकारी नोकरी करून गोव्यात सावईवेऱ्याला परतलेले, कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं, शिंपणं आणि पोफळींचे भाव यावर कितीही वेळ बोलू शकणारे गृहस्थ, एवढंच गावातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मलाही 2018 च्या नोव्हेंबरापर्यंत तेवढंच ठाऊक होतं. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचे दिवस होते आणि बँकेतल्या माझ्या काउंटरपुढे रांग दारापर्यंत गेलेली. माझा मोबाइल बाजूला पडलेला, त्याच्या पडद्यावर रॉकचा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स गुडघ्यांवर बसून पेटलेल्या गिटारीपुढे हात नाचवतोय. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "माँटरेचा पॉप महोत्सव, जून 1967. काढणारा एड कॅराफ. सतरा वर्षांचा पोरगा, खुर्चीवर उभा राहून काढलाय." मागचे लोक खाकरायला लागले. मी अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र हातात धरून तशीच बसले.

भाई, मंगेशीच्या अभिषेकीबुवांची नाट्यगीतं सकाळ-संध्याकाळ लागणाऱ्या घरातली मी. रॉक म्हणजे हणजुण्याच्या किनाऱ्यावरचा धिंगाणा, एवढीच आमच्या घरची समजूत. मला तरी ते संगीत सगळंच कुठे आवडतं? मला आवडतात ते फोटो. घामाने चिकटलेले केस, पायात गुंतलेल्या वायरी, पहिल्या रांगेत डोळे मिटून उभी असलेली कुणीतरी अनोळखी मुलगी. हे वेड मी कुणाला सांगत नसे, कारण पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याचा उपयोग काय?" तुम्ही तो प्रश्न आजतागायत विचारलेला नाही. पहिले आभार त्याचे.

दुसरे आभार तुमच्या कपाटाचे. गोव्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला चार दिवसांत बुरशी धरते, तिथे निगेटिव्हची काय कथा! पण तुमच्या त्या लाकडी कपाटात तळाशी पंधरा वॅटचा दिवा बारा महिने जळत असतो. लेन्स, भिंगं, पत्र्याच्या डब्यांतल्या पट्ट्या, सगळं कोमट आणि कोरडं. काकी म्हणतात, यांनी देवासमोरची समई एखाद्या दिवशी विझू दिली असेल, हा दिवा कधी नाही. पहिली पट्टी तुम्ही माझ्या हातात दिलीत ती दोन बोटांत कडेने धरायला सांगून. खिडकीसमोर धरली तर काळ्या आभाळाच्या जागी पांढरं, पांढऱ्या शर्टाच्या जागी काळं, आणि काठावर बारीक अक्षरांत फिल्मचं नाव, 'ऑर्वो एनपी 27'. नाकाशी नेऊन वास घ्यायलाही लावलात. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर समजायचं की फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागला, आणि ती पट्टी त्याच क्षणी बाकीच्यांपासून वेगळी करायची.

त्या पट्ट्यांवर रंगभवन होतं. धोबीतलावचं, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं उघडं नाट्यगृह. 1978 मध्ये तिथे जॅझ यात्रा सुरू झाली, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथला आवाज बंद झाला. तुम्ही ऑफिस सुटल्यावर खांद्याला झोळी अडकवून तिथे जात होता, पास नाही, ओळख नाही, गर्दीत धक्के खात. पूर्व जर्मनीचा ऑर्वो त्या काळी परवडणारा. 27 डिन, म्हणजे 400 एएसए; हा आकडा जितका मोठा तितका कमी उजेड फिल्मला पुरतो. मंचावरच्या उजेडाला तेवढं पुरत नसे, म्हणून तुम्ही तो 1600 धरून वापरायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून भरपाई करायची. सावल्यांतला तपशील जायचा, फोटोत दिसणारा फिल्मचा दाणा जाडाभरडा व्हायचा. मला तो दाणाच आवडतो. हल्लीचे मोबाइलवाले फोटोतला दाणा पुसून टाकतात, मग माणसाचं कातडं मेणाचं दिसतं. असो, हा वाद आपण रोज घालतो.

तुम्ही शिकवलेली युक्ती मात्र इथे लिहून ठेवते. शटर एक तीसांश सेकंदावर असताना हलता गायक पकडायचाच नाही. ऐकत राहायचं. गिटारवाला लांब सूर ताणतो तेव्हा मान मागे टाकून क्षणभर थांबतो, तो क्षण आपला. तबल्याची तिहाई जिला कळते तिला हेही कळेल, असं म्हणून तुम्ही माझं घरचं गाणं एका वाक्यात कामाला लावलंत.

त्या दिवशी डबे बंद करून मी निघाले तर म्हणालात, "राव मगे, काळोख जांव दी," थांब जरा, काळोख होऊ दे. आणि गोठ्याच्या पडवीतून दोघांनी मिळून उचलायची ती दुर्बीण बाहेर काढलीत. आठ इंची आरसा, प्लायवूडची पेटी, खाली फिरता पाट. मला वाटलं, हा आणखी एक वेगळा छंद. तुम्ही सांगितलंत की रॉकचे फोटो आणि ही दुर्बीण, दोन्हींचा गाव एकच. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात 1944 पासून संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून तो आरसे करायचा, दुर्बिणी घेऊन बाहेर पडायचा, लोकांना चंद्र दाखवायचा. 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला, आणि पुढच्या वर्षी त्याच्यासोबतच्या पोरांनी फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची संस्था काढली. त्याच शहरात, त्याच 1967 च्या नोव्हेंबरात 'रोलिंग स्टोन' या रॉकच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला आणि बॅरन वोल्मन त्याचा पहिला छायाचित्रकार झाला. रॉकवाल्यांचे फोटो काढणारा जिम मार्शलही तिथलाच. एकाच शहरात एक जण रस्त्यावर दुर्बीण लावतोय, दुसरे मंचाखाली कॅमेरा घेऊन बसलेत. रॉक आणि खगोल म्हटलं की सगळे क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे याचं उदाहरण देतात, त्याने साठीला पोचताना राशिप्रकाशाच्या, म्हणजे ग्रहांमधल्या जागेतल्या, धुळीवर पीएचडी पुरी केली म्हणून. तुम्ही मठातून बाहेर पडलेल्या संन्याशाची गोष्ट सांगितलीत.

गोव्यात हीच दुर्बीण का बरी, तेही त्याच रात्री कळलं. आपलं अक्षांश साडेपंधरा अंशांच्या आसपास, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम दीड मूठ. तुमच्या अंगणातून तो डोंगराआड. ध्रुवाकडे रोखून बसवायच्या महागड्या स्टँडचा तिथे काय उपयोग? त्यापेक्षा डॉब्सनची पेटी हाताने ढकलावी आणि बघावं. उत्तरेला जे हरलो ते दक्षिणेला मिळतं. कुळागर उतारावर खाली असल्याने पोफळींचे शेंडे अंगणाच्या पातळीला येतात आणि त्यांच्यावर सगळी दक्षिण उघडी.

वैशाखातली ती रात्र. जेवणं झाली होती, काकींनी तळलेले गरे आणून ठेवले होते. तुम्ही त्रिशंकू दाखवलात, मग नरतुरंग तारकासमूहात दुर्बीण नेऊन म्हणालात, बघ. मला दिसला एक धुरकट डाग. "डागाकडे बघू नकोस, त्याच्या बाजूला बघ." नजर जराशी डावीकडे सरकवली आणि डाग फुटला. कडेपासून आतपर्यंत दाणे, दाणे, दाणे. तुमच्या 1600 वर ताणलेल्या ऑर्वोसारखे. ओमेगा सेंटॉरी नावाचा ताऱ्यांचा गुच्छ. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवर साधारण एक कोटी तारे. लंडनहून हा गुच्छ कधी उगवतच नाही, डॉब्सनच्या सॅन फ्रान्सिस्कोतून क्षितिजाला घासून जातो, आणि आपल्याकडे चांगला पावणेतीन मुठी वर येतो. डोळ्याच्या मध्यभागी रंग पाहणाऱ्या शंकुपेशी असतात, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी त्याच्या भोवताली, म्हणून तिरकी नजर. हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी दिसू दिलंत, मग सांगितलंत. याला मी शिकवणं म्हणते.

आणि तो तांबडा दिवा! डार्करूममधला सेफलाइट अंगणात दुर्बिणीजवळ टांगलेला पाहून मला हसू आलं होतं. कृष्णधवल फोटोच्या कागदाला तांबडा प्रकाश दिसत नाही, दंडपेशींनाही गडद तांबडा जवळजवळ दिसत नाही. म्हणून एकच दिवा दोन्हीकडे चालतो. आता आपल्या तिठ्यावर पांढरेशुभ्र दिवे लागलेत, त्यांना कोण सांगणार? पश्चिमेला पणजीकडचा उजेड दर वर्षी थोडा वर चढतोय. तक्रार इथेच थांबवते.

सगळ्यात मोठे आभार वहीचे. भाई, तुम्ही मला नुसतं बघून उठू दिलं नाहीत. तारीख, वेळ, आकाशाची अवस्था, कोणता आयपीस (डोळा लावायचं भिंग), काय दिसलं, आणि काय दिसेल असं वाटलं होतं पण दिसलं नाही. प्रत्येक निगेटिव्हला तेच: कोण, कुठे, कधी, कशावरून म्हणतेस. "नावगाव नसलेला फोटो म्हणजे भिंतीवरचा डाग," असं तुम्ही एकदा रागावून म्हणालात. मला बँकेत दिवसभर नोंदीच कराव्या लागतात, त्यामुळे सुरुवातीला जिवावर यायचं. मग 2019 च्या डिसेंबरात मृगातल्या काक्षीकडे, म्हणजे इंग्रजीतल्या बीटलज्यूजकडे, बघताना काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. तुम्ही म्हणालात, वाटलं म्हणू नकोस, रोहिणीशी ताडून लिही. एरवी काक्षीची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका कमी तितका तारा उजळ), अर्ध्याच्या आसपास, रोहिणीहून उजळ. त्या हिवाळ्यात ती रोहिणीच्या मागे पडली, फेब्रुवारी 2020 मध्ये तर 1.6 च्या आसपास उतरली आणि पलीकडच्या खांद्यावरच्या ताऱ्याशी जवळपास बरोबरी झाली. जगभर मोठमोठ्या दुर्बिणी तिच्याकडे वळल्या. पुढे निघालं की ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली होती आणि ती आड आली होती. माझ्या वहीत मात्र ते आधीच होतं, तारखेसकट, नुसत्या डोळ्यांनी, तुळशीपाशी उभं राहून बघितलेलं. तुम्ही ते पान वाचलंत, खाली बारीक अक्षरात 'पाहिले' असं लिहून सही केलीत. इतक्या वर्षांत वरिष्ठांनी माझ्या कुठल्या कागदावर केलेल्या सहीने मला एवढं बरं वाटलेलं नाही.

त्याच सवयीने तुमचे डबे वाचायला लागले. मागचं कापडी फलक, ड्रमवर लिहिलेलं बँडचं नाव, कुणाच्या तरी हातातलं तिकीट, मंचाच्या कडेला रेलून उभ्या पोलिसाचा गणवेश. एकेका पट्टीवरून तारखेकडे सरकायचं. यात जी मजा आहे ती फोटो फक्त बघण्यात नाही, हे तुमच्यामुळे कळलं. एकदा मी विचारलं, एवढा कॅमेरा हातात असून तुम्ही कधी तेजोमेघाचे फोटो का काढले नाहीत? तुम्ही सांगितलंत, फार मंद उजेड फार वेळ दिला की फिल्म थकते, दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट उमटत नाही. आणि त्याहून खरं म्हणजे, मंचावरचा माणूस उद्या तिथे नसतो, मृग पुढच्या वर्षी येतोच. वाक्य वहीत आहे. तारखेसकट.

काकींचे आभार वेगळे मानते, ते त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन. रात्री उशिरा फोंड्याला परतणाऱ्या परक्या मुलीला दर वेळी 'पोचलीस की फोन कर' म्हणणं सोपं नाही, आणि फोन येईपर्यंत जागं राहणं त्याहून नाही.

आता कामाचं. चौथ्या डब्यातली ती पट्टी, ज्यात ड्रमवाल्याचं तोंड झांजेमागे गेलंय, ती तुम्ही 1986 ची म्हणता. मी पुन्हा भिंगाखाली घातली. मागच्या फलकावरचं जाहिरातीचं अर्धं अक्षर दुसऱ्या एका पट्टीत पूर्ण दिसतंय, आणि त्या पट्टीच्या पाकिटावर तुमच्याच अक्षरात 1988 लिहिलंय. दोन्ही पट्ट्या आणि सिलिका जेलची नवी पाकिटं घेऊन रविवारी येते. आभाळ आलं तरी येते. भांडायच्या तयारीत राहा.

तुमची,
बँकेतली