मोठ्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांना येऊ द्या, पण छोट्यांच्या सवलती घेऊन नव्हे

माननीय उत्पादन शुल्क मंत्री यांना,

सविनय नमस्कार.

बीअरबद्दल आपल्या टेबलावर येणारी पत्रे बहुधा दोनच प्रकारची असतात: दुकाने बंद करा म्हणणारी आणि कर उतरवा म्हणणारी. माझ्या पत्रात दोन्ही मागण्या नाहीत. मला लिहायचे आहे ते छोट्या सुरुवातीतून अवाढव्य झालेल्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांविषयी, म्हणजे वेगळ्या चवीची बीअर गाळणाऱ्या कारखान्यांविषयी. मूळ बाजारपेठ भरली की त्या लहान बाजारपेठांत उतरतात आणि तिथे त्यांची गाठ चार-सहा टाक्यांवर धंदा करणाऱ्या स्थानिक ब्रुअरीशी पडते. दोघींच्या लेबलवर 'क्राफ्ट' असेच छापलेले असते. खात्याच्या नियमांत मात्र दोघी एका पंगतीला बसू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

या ब्रुअऱ्या बाहेर का पडतात, ते आधी पाहू. खप असाच वाढत राहील या हिशेबाने त्यांनी टाक्या बसवलेल्या असतात, कर्ज काढलेले असते. खप थांबला की टाक्या रिकाम्या राहतात, हप्ते थांबत नाहीत. अशा वेळी आणखी एक टाकी भरायची तर खर्च मुख्यतः माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले), पॅकिंग आणि वाहतुकीचा. त्यामुळे नव्या ठिकाणी काही काळ दर पाडून विकणे त्यांना परवडते. स्थानिक ब्रुअरीने तोच दर लावला तर तिला प्रत्येक केगमागे, म्हणजे बीअरच्या धातूच्या पिंपामागे, पदरचे पैसे घालावे लागतात.

म्हणून त्यांना वेशीवरच अडवा, असे मी म्हणणार नाही. सिएरा नेवाडा या मोठ्या अमेरिकी क्राफ्ट ब्रुअरीने २०१४ मध्ये अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या मिल्स रिव्हरला आणि तशाच न्यू बेल्जियमने २०१६ मध्ये जवळच्याच ॲशव्हिलला कारखाना सुरू केला. त्या भागात लहान ब्रुअऱ्या आधीपासून होत्या. त्या नामशेष झाल्या नाहीत, उलट बीअरचे गाव म्हणून ॲशव्हिलचे नाव आणखी पसरले. मोठ्यांकडे प्रयोगशाळा असते, शीतसाखळी असते, दर खेपेला तीच चव देण्याची शिस्त असते. लहानांकडे हे सगळे असतेच असे नाही. लोण्यासारखा वास मारणारी बीअर केवळ स्थानिक आहे म्हणून गोड मानून घ्यायची माझी तरी तयारी नाही. शिवाय मोठ्यांचेही अंदाज चुकतात. कॅलिफोर्नियाच्या स्टोनने २०१६ मध्ये बर्लिनमध्ये ब्रुअरी थाटली आणि २०१९ मध्ये ती ब्रूडॉग या स्कॉटिश ब्रुअरीला विकून काढता पाय घेतला.

ॲशव्हिलची आणखी एक गोष्ट आपल्या खात्याने ध्यानात ठेवावी. विकेड वीड ही तिथलीच ब्रुअरी. २०१७ मध्ये ती एबी इनबेव्हने, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या बीअर कंपनीने घेतली. नाव तेच राहिले, गावही तेच. बदलला तो मालक, आणि तो काही बाटलीवरच्या चित्रावरून ओळखू येत नाही.

म्हणूनच कर सवलत ठरवताना एका परवान्याखालचे उत्पादन न पाहता संपूर्ण मालकी समूहाचे पाहावे. ब्रिटनने २००२ मध्ये लहान ब्रुअऱ्यांना सवलत दिली ती याच धर्तीवर. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे ५ लाख लिटरपर्यंत, निम्मा कर. त्यात एक खोट निघाली. ती मर्यादा ओलांडली की सवलत इतक्या झपाट्याने उतरे की वाढण्यापेक्षा आहे तिथेच थांबलेले बरे, असे लहान ब्रुअऱ्यांना वाटू लागले. अखेर २०२३ मध्ये रचना बदलून उतार सौम्य करावा लागला. आपण सुरुवातच सौम्य उताराने करावी.

अमेरिकेचे उदाहरण मी अनुकरणासाठी देत नाही. तिथे पहिल्या ६०,००० बॅरलवर, म्हणजे सुमारे ७० लाख लिटरवर, बॅरलला साडेतीन डॉलर इतकाच केंद्रीय कर लागतो; इथपर्यंत ठीक. पण ही सवलत वर्षाला २० लाख बॅरल, म्हणजे साधारण २३ कोटी लिटर काढणाऱ्या ब्रुअरीलाही मिळते. तिला लहान म्हणायचे असेल तर मोठी कोणाला म्हणायचे? तिथल्या ब्रुअर्स असोसिएशननेही २०११ च्या सुरुवातीला क्राफ्ट ब्रुअरची मर्यादा २० लाखांवरून थेट ६० लाख बॅरलवर नेली, कारण सॅम्युएल ॲडम्स काढणारी बोस्टन बीअर जुन्या मर्यादेला टेकत आली होती. व्यापारी संघटनेने आपल्या सभासदासाठी दार रुंद करावे, त्यात नवल नाही. सरकारी तिजोरीने तसे का करावे?

कराइतकाच महत्त्वाचा प्रश्न नळाचा आहे. बारमध्ये ड्राफ्टचे, म्हणजे केगमधून थेट ग्लासात बीअर देणारे, नळ मोजकेच असतात; एक नवा ब्रँड लागला की एक जुना उतरतो. मोठी ब्रुअरी लागर, व्हीट, आयपीए आणि हंगामी बीअर सगळे एकाच गाडीतून, एकाच बिलावर देते. वर उधारी आणि केगवर स्कीम. बारमालकाला दोष कसा द्यावा? त्याचा वेळ वाचतो, पैसा वाचतो. मात्र सौद्यात 'दुसऱ्यांची बीअर लावायची नाही' अशी अट आली की ती स्पर्धा उरत नाही.

इथे ब्रिटनचा १९८९ चा बीअर ऑर्डर्स हा कायदा नीट वाचण्यासारखा आहे. २,००० हून जास्त पब असलेल्या ब्रुअऱ्यांनी जादा पबपैकी निम्मे, फक्त आपलीच बीअर घेण्याच्या करारातून मोकळे करावेत आणि बांधील पबचालकाला एक पिंपातली एल (बीअरचा एक प्रकार) बाहेरून, 'पाहुणी' म्हणून, घेता यावी, असे त्यात होते. हेतू चांगला होता. पण नियम बीअर गाळणाऱ्यांना लागू होता, नुसते पब बाळगणाऱ्यांना नव्हे. ब्रुअऱ्यांनी पब विकले, ते मोठमोठ्या पब कंपन्यांनी घेतले आणि बांधील खरेदी नव्या मालकाच्या नावाने चालूच राहिली. २००३ पर्यंत हे आदेश रद्दही झाले. पाहुण्या नळाचा हक्क आपल्याकडे जरूर आणावा, पण तो दुकानाला चिकटलेला असावा. पुरवठादार ब्रुअरी असो, वितरक असो की बारची साखळी, कोणालाही तो करारात काढून घेता येऊ नये.

स्वतःचा माल स्वतः पोहोचवण्याची मुभाही द्यावी. मोठा ब्रँड आला की वितरकाचे लक्ष तिकडे वळते आणि लहान ब्रुअरीचे केग गोदामात पडून राहतात. हॉप्सचा सुगंध तर काही महिन्यांतच उडतो. नॉर्थ कॅरोलिनाने २०१९ मध्ये कायदा बदलून एकूण १ लाख बॅरलच्या आतल्या ब्रुअरीला ५०,००० बॅरलपर्यंत स्वतः विकायची परवानगी दिली. त्याआधी २५,००० बॅरल ओलांडले की सगळा माल वितरकाच्या हाती सोपवावा लागे.

नियमांचा मसुदा काढाल तेव्हा हरकती-सूचनांसाठी ब्रुअऱ्यांच्या संघटनांबरोबर एकट्याने बार चालवणाऱ्यांनाही बोलवा. नळ कोणत्या अटीवर दिला-घेतला जातो, हे त्यांना तोंडपाठ असते. फक्त त्यांचे म्हणणे पुरवठादारांच्या समोर बसवून ऐकू नका.

कळावे,

आपला नम्र,
बीअरच्या धंद्याकडे लक्ष ठेवून असलेला एक ग्राहक