आधी मीठ बघायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं, तर "अगं, त्यात काय एवढं" एवढ्यावर तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. मी नॉर्वेत ट्रॉम्सोला मत्स्यविज्ञान शिकायला आले, तेव्हा ओळखीतून ओळख काढत तुमचा नंबर मिळाला. तुमचं-माझं नातं नाही, गाव एक नाही. तरीही बर्गनमधून तुम्ही हिवाळाभर रविवारच्या दुपारी फोनवर मला समुद्र समजावत राहिलात.

माझा पहिला प्रश्न तुम्हाला आठवत असेल. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत नॉर्वेच्या लोफोटेन बेटांशी, वेस्टफ्योर्ड नावाच्या खाडीत अंडी घालायला येतो. तिथलं मोजमाप बघितलं तर वरचं पाणी दोन-तीन अंश आणि खालचं सहा-सात. ऊबदार पाणी खाली कसं? तुम्ही म्हणालात, "तापमान सोड, आधी मीठ बघ." वरचं पाणी किनाऱ्याचं, नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं, म्हणून थंड असूनही हलकं. खालचं अटलांटिकचं, किलोमागे 35 ग्रॅमहून जास्त मीठ असलेलं, म्हणून ऊबदार असूनही जड. या दोहोंच्या सांध्यावर चार ते सहा अंशांचा जो थर असतो, कॉड नेमका तिथे अंडी घालतो. हा थर दर वर्षी एकाच खोलीवर नसतो, त्यामुळे मासाही कधी वर, कधी खाली सापडतो. आमच्याकडचा तांडेल पाण्याचा रंग आणि ओढ बघून जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो. त्याला हे लगेच पटलं असतं. मला मात्र तीन रविवार लागले.

मग त्या अंड्यांचा प्रवास. जेमतेम दीड मिलिमीटरची अंडी, पाण्याहून हलकी, वर येऊन तरंगणारी. कॉडची अंडी तळाला पडत नाहीत, तरंगतात, हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ गेऑर्ग ओस्सियन सार्स यांनी 1860च्या दशकात लोफोटेनमध्येच पाहिलं. (आपण गाबोळी तळून खाणारे लोक; तिचं पुढे काय झालं असतं याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.) नॉर्वेचा किनारी प्रवाह ती अंडी आणि त्यांतून दोन-तीन आठवड्यांत निघणारी पिल्लं उत्तरेला वाहून नेतो. शरद ऋतूपर्यंत ती बॅरेंट्स समुद्रात पोचून तळाशी स्थिरावतात. वाटेत त्यांना खायला लागतात कॅलानस नावाच्या चिमुकल्या कवचधारी जिवाची पिल्लं, आणि तो जीव येतो अटलांटिकच्या पाण्याबरोबर. तो वेळेवर वाढला तर कॉडची ती पिढी तगते. एखाद्या वर्षाची पिढी भरघोस आणि पुढची नगण्य का, याचं मूळ पिल्लांच्या या पहिल्या दिवसांत असावं, असं नॉर्वेचेच मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी 1914 मध्येच मांडलं होतं. तुम्ही त्यांचं नाव असं घेता की जणू शेजारच्या खोलीत बसलेत.

तुम्ही मला एक आलेख काढायला लावलात: एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला क्षारता. बॅरेंट्स समुद्राचे ठिपके मांडले की अटलांटिकचं, किनाऱ्याचं आणि शून्याखालचं आर्क्टिक, अशा तीन पाण्यांचे पुंजके दिसतात. त्यावर मासे किती मिळाले ते चढवलं, तर कॉड बहुतेक करून ऊबदार बाजूला आणि सीमेलगत, आपलं खाद्य असलेल्या केपलिन या छोट्या माशाच्या मागावर. नकाशावर विखुरलेला मासा या आलेखावर गोळा होतो. हे बघून मी जवळजवळ ओरडलेच होते.

पण खरे आभार पुढच्यासाठी. माझा उत्साह बघून तुम्ही ग्रीनलंड आणि कॅनडातलं न्यू फाउंडलंड इथल्या कॉडची कहाणी एकापाठोपाठ वाचायला दिलीत. पश्चिम ग्रीनलंडला 1920च्या दशकात पाणी तापलं, आइसलंडकडून इर्मिंगर या ऊबदार प्रवाहाबरोबर पिल्लं येत राहिली, कॉड उत्तरेला पसरला आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार लाख टनांहून जास्त मासळी निघाली. मग पाणी थंडावलं आणि सगळं ओसरलं. इथे प्रवाहाचा हात स्पष्ट आहे. पण त्याच वर्षांत ट्रॉलर, म्हणजे मोठी जाळी ओढणारी जहाजंही जोरात होती. न्यू फाउंडलंडला 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लॅब्राडोरकडून येणारं पाणी विलक्षण थंड होतं, हेही खरं. तरी 2 जुलै 1992 ला कॅनडाला तिथली कॉडची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली, ती एकट्या थंडीमुळे नाही, बेसुमार मासेमारीमुळेही. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी 2024 पर्यंत टिकली. "पाण्यावर ढकलणं सोपं, पाणी उलटून बोलत नाही," असं तुम्ही म्हणालात. माझ्या मार्गदर्शकांनी हेच अधिक सभ्य शब्दांत सांगितलं, पण लक्षात राहिलं ते तुमचं.

ऊब वाढली की कॉड वाढतो, हे सूत्रही तुम्ही टिकू दिलं नाहीत. बॅरेंट्स ही त्याच्या पसाऱ्याची थंड कड, तिथे ऊब मानवते. उत्तर समुद्र आणि अमेरिकेच्या किनाऱ्याचं मेनचं आखात ही ऊबदार कड, तिथे तीच ऊब मारक.

शोधनिबंध गेल्या महिन्यात मंजूर झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू नका म्हणालात, घातलं नाही. आता पुढचा प्रश्न, आणि त्याला एक रविवार पुरणार नाही. बॅरेंट्समध्ये 2013 साली कॉडचा कोटा, म्हणजे वर्षभरात पकडायची मर्यादा, दहा लाख टन होता, 2025 साठी 3 लाख 40 हजार. पाणी तर ऊबदारच आहे. भरघोस पिढ्या का येत नाहीत, यावर कोला रेषेची, म्हणजे बॅरेंट्समध्ये ठरलेल्या रेषेवर मोजलेली, 1900 पासूनची तापमानं आणि केपलिनचे आकडे शेजारी ठेवून मी काहीतरी मांडलंय. ईस्टरच्या सुट्टीत बर्गनला येतेय, कागद घेऊन. लाल पेन तुमच्याकडे असेलच.

तुमची,
ट्रॉम्सोची विद्यार्थिनी