मकावहून पत्र

मकाव,
बुधवार, रात्र

प्रिय बंड्या,

थोरल्याकडे हाँगकाँगला आलोय हे तुला फोनवर बोललोच होतो. काल तिथून बसने मकावला आलो, समुद्रावरच्या त्या लांबलचक पुलावरून. तुझी पहिली आठवण झाली ती रस्त्यांच्या पाट्या बघून. निळ्या-पांढऱ्या टाइल्स, त्यावर रुआ अमुक, त्रावेस्सा तमुक. सोबतची चिनी अक्षरं झाकली तर थेट आपलं पणजीतलं फोंताइन्हास. शेवटी दोन्ही एकेकाळी पोर्तुगीजांचीच.

सकाळी सवयीने पेपर शोधायला निघालो. तेहतीस चौरस किलोमीटरचं गाव, वस्ती सात लाखांच्या आत, आणि चिनी दैनिकांचा ढीग, पोर्तुगीज तीन, वर इंग्रजीही! इतके पेपर चालतात कशावर? बरंचसं सरकारी अनुदानावर. आणि सरकार? जुगारावर. कॅसिनोंच्या ढोबळ कमाईतले जवळपास चाळीस टक्के सरकार घेतं, तिजोरीतल्या पाच पाटाकांतले (पाटाका म्हणजे इथलं चलन) चारेक तिथून येतात.

दर महिन्याच्या १ तारखेला सरकारचं जुगार खातं गेल्या महिन्याची कमाई जाहीर करतं, आणि बातमी ठरलेली. मी पोराला म्हटलं, "अरे, हा तर आकडा!" त्याला कल्याण-वरळीचा मटका काय कळणार म्हणा. पण गंमत सोड, इथे आकडा सगळ्यांनाच लागतो. २००८पासून सरकार रहिवाशांना दरवर्षी रोख वाटतं, कायम रहिवाशाला हल्ली १० हजार पाटाका, म्हणजे आपले लाखभर रुपये. २०१३मध्ये कॅसिनोंची वर्षाची कमाई ३६० अब्ज पाटाका होती. करोनात, २०२२ला, ती ४२ अब्जांवर आली. अशा गावात ही बातमी आठव्या पानावर टाकेल कोण? मीही पहिल्याच पानावर घेतली असती.

पण मग उरलेल्या बातम्यांचं काय होतं? २०१७च्या ऑगस्टमध्ये हातो वादळ आलं. दहा माणसं गेली, त्यातली काही तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडून. इशारा उशिरा दिला म्हणून लोक खवळले, हवामान खात्याच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. त्याच दिवसांत निदान पाच माध्यमांतल्या बातमीदारांना वरून निरोप गेले, की चांगलं तेवढं द्या, अधिकाऱ्यांना जाब विचारत बसू नका. इथल्या पत्रकार संघटनेनेच हे बाहेर आणलं. पुढच्या वर्षी मांगखुत वादळ आलं तेव्हा मात्र कॅसिनोच बंद ठेवले, इतिहासात पहिल्यांदा. २०२१मध्ये सरकारी वाहिनीने, टीडीएमने, पोर्तुगीज आणि इंग्रजी विभागातल्या पत्रकारांना देशप्रेमाचं धोरण पाळायला बजावलं. काहींनी राजीनामे दिले. आणि ज्यांना अनुदानाच्या पंगतीत बसायचंच नव्हतं, त्या 'ऑल अबाउट मकाव' या बातमी संस्थेच्या दोन बातमीदारांना २०२५च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाच्या दारातून पोलिसांनी नेलं, तासन् तास बसवून ठेवलं. डिसेंबरात त्यांनी काम थांबवलं.

गोव्यात १८२१ला 'गाझेत द गोवा' निघालं आणि पुढच्याच वर्षी इथे 'अबेल्य द शीना'. म्हणजे चीनची मधमाशी! नाव ठेवणाऱ्याला डंखाची हौस असावी.

हे सगळं वाचत चौकातल्या बाकावर बसलो होतो, तेव्हा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची ती बातमी आठवली. तुझीच होती. तीन दिवस बेतीच्या धक्क्यावर उन्हात उभा राहून आणलेली. रात्री पान लावताना मी ती पहिल्या पानावरून काढली आणि आत सिंगल कॉलम केली, शेवटचे दोन परिच्छेद छाटून. त्याच आठवड्यात बोटवाल्यांची पानभर जाहिरात यायची होती. सकाळी तू विचारलंस, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "वरून फोन आला." तू शिवी हासडलीस मालकाला, मग आपण कोपऱ्यावर चहा प्यायलो. पैसे तू दिलेस.

इथल्या पोरांना निदान निरोप तरी आले होते. त्या रात्री फोन आला नव्हता, बंड्या. कुणाचाच.

शनिवारी परततोय. रविवारी घरी असशील तर येतो, नाहीतर तसं कळव.

तुझा,
विन्या