नाव सेलिब्रिटीचं असलं म्हणून काय झालं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत सेलिब्रिटींवरून बाळांची नावं ठेवायच्या फॅडवर लेख आला होता, त्यातलं 'अशा नावाने मुलाची स्वतःची ओळख पुसली जाते' हे म्हणणं काही पटलं नाही. उलट नाव रुळतं तसा मूळ माणूस मागे पडत जातो. १९७३ साली तेंडुलकरांनी बाळाचं नाव ठेवलं ते सचिनदेव बर्मन यांच्यावरून, पण आज सचिन म्हटलं की संगीतकार किती जणांना आठवतो? सुनील गावसकरांनी तर कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन क्रिकेटर मुलाच्या एकाच नावात बसवले, रोहन जयविश्व! पण बाकीच्या रोहनांना रोहन कन्हाय कोण हे माहीतही नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

त्रास होतो तो वेगळाच. एकाच वर्षी सगळ्यांना तीच हिरोईन आवडली की पुढे एका वर्गात त्याच नावाच्या तीन-तीन मुली, मग बाई हजेरी घेताना आडनावाचं पहिलं अक्षर जोडून हाक मारतात आणि ते अक्षर दहावीपर्यंत चिकटून बसतं. शिवाय आज फॉर्मात असलेला हिरो उद्या कुठल्या भानगडीत सापडेल याची गॅरंटी कोण देणार, त्यामुळे हौसच असेल तर रिटायर झालेला बघावा. पण म्हणून आईबापांना सरसकट उथळ ठरवायचं हे जरा जास्तच झालं.

– एक वाचक