१२० पीस बरोबर आले, पण त्यात छप्पर होत नाही त्याचं काय?

प्रति,
कस्टमर केअर

विषय: मॉडेल बनवायच्या सुट्या प्लास्टिक ब्रिक्सच्या (लेगोसारख्या) ऑर्डरमध्ये न विचारता दुसरेच पीस पाठवल्याबद्दल

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्या साईटवरून सुटे ब्रिक्स मागवले होते, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. भिंतींचे गडद लाल ब्रिक्स मस्त आलेत, शेड पण हवी तीच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं भांडण छपराचं आहे. मी ६५ डिग्रीचे ४८ आणि ३३ डिग्रीचे ७२ स्लोप (छपराचे तिरके ब्रिक्स) मागवले होते आणि तुम्ही पाठवलेत सगळेच्या सगळे ४५ डिग्रीचे, १२०. चॅटवर विचारलं तर उत्तर काय, तर "सर काउंट मॅच होतोय". अहो, मी वाण्याकडे दोन किलो तांदूळ आणि किलोभर साखर सांगितली आणि त्याने तीन किलो मीठ बांधून दिलं तर वजन जुळतंय म्हणून गुपचूप घरी यायचं का?

आता मी काय बनवतोय ते सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला न्यूपोर्ट नावाचं जुनं बंदर आहे, तिथे व्हाइट हॉर्स टॅव्हर्न (टॅव्हर्न म्हणजे दारू-जेवणाची खानावळ) म्हणून एक लाल लाकडी इमारत आहे. १६५२ ला घर म्हणून बांधलेली, १६७३ पासून टॅव्हर्न, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातली. मुलगी तिकडे असते, गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा बघितली आणि डोक्यात बसली. (ज्याने टॅव्हर्न सुरू केलं त्या विल्यम मेझचा मुलगा चक्क समुद्री लुटारू होता, आणि १६९५ मध्ये सुरतेला परत येणारं औरंगजेबाचं गंज-इ-सवाई जहाज ज्या टोळीने लुटलं त्या टोळीत याचंही जहाज होतं. असो, तो वेगळा विषय.)

तर त्या घराचं छप्पर गॅम्ब्रेल आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना उतार मधे मोडलेला असतो, खाली एकदम उभा आणि वर पसरट. असं का, तर माळ्यावर भिंतीजवळ पण माणूस उभा राहू शकतो, पूर्ण मजला न चढवता खोल्या मिळतात. माझं मॉडेल १६ स्टड (ब्रिकवरचे गोल उंचवटे) रुंद आहे, म्हणजे एका बाजूला ८. त्यातल्या २ स्टडमध्ये ६५ चे स्लोप ४ ब्रिक्स उंच चढतात आणि उरलेल्या ६ मध्ये ३३ चे फक्त ३. तुमचा खेळण्यातला छोटा माणूस पण साधारण ४ ब्रिक्सच उंच आहे, त्यामुळे तो माळ्यावर कडेपर्यंत ताठ उभा राहतो, मी कागदावर काढून बघितलंय. ४५ चे लावले की दर स्टडला एक ब्रिक असं सरळसोट त्रिकोणी छप्पर होतं, कडेला ठेवलेल्या माणसाचं डोकं आपटतं आणि बाहेरून बघाल तर कोकणातलं कौलारू घर. कोकणातलं घर मला आवडतं, पण ते बनवायचं असतं तर तसं मागवलं असतं ना.

वर तुमचा दुसरा माणूस म्हणतो, "मुलांना तसा फरक कळत नाही सर". मुलं नाहीत हो, मी ५८ वर्षांचा आहे. आणि तीन आठवडे डायनिंग टेबल अडलंय, आम्ही दोघं किचन ओट्याशी उभ्याने जेवतोय, बायकोला फरक चांगलाच कळलाय.

स्टॉक नव्हता तर एक मेल टाकायचा, मी महिनाभर थांबलो असतो. पैसे घेऊन स्वतःच ठरवून टाकलंत याचा राग जास्त आहे.

मला कुपन नकोय, पुढच्या ऑर्डरवर डिस्काउंट पण नकोय. ४८ आणि ७२ जसे मागवले तसे पाठवा, ४५ चे तुमच्या खर्चाने घेऊन जा, नाहीतर छपराचे पूर्ण पैसे परत करा. १० दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवणार, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवलेत.

आपला,
एक ग्राहक, डोंबिवली

ता.क. ४५ चे पीस वापरलेले नाहीत. एक रांग लावून बघितली होती, ती काढून परत पिशवीत भरलीये, मोजून १२० आहेत. काउंट मॅच होईल.